थर्मोस्टॅटच्या तारा कोण जोडतो?

१० जून २०२५ रोजी केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी दिल्लीत घोषणा केली की लवकरच एसीचे तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येणार नाही असा नियम येईल. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत वीस की चोवीस, चोवीस की सव्वीस यावर लेख आले. त्याआधी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने १ जानेवारी २०२० पासून तारांकित रूम एसी चालू करताच २४ अंशांवर सुरू झाला पाहिजे असे बंधन घातले होते. तेव्हाही असेच लेख आले होते. आकडा किती असावा यावर या देशात पुष्कळ लोकांना मत आहे. तो आकडा ज्या डबीवर दिसतो, त्या डबीच्या मागच्या तारा कोण जोडतो, त्याला ते शिकवले कोणी, तो पडला किंवा भाजला तर त्याच्या घरी पैसे कोण पोहोचवतो, यावर एकही अक्षर आमच्या वाचनात आले नाही. म्हणून या अंकात आम्ही त्याच विषयावर लिहायचे ठरवले.

आमच्या शाखेच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन-तीन जुन्या सभासदांनी आक्षेप घेतला. एसी ही श्रीमंतांची चैन, कामगारांच्या मासिकाने तिची चर्चा कशाला करायची, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. १ मार्च १९६९ रोजी नवी दिल्ली ते हावडा पहिली राजधानी एक्स्प्रेस धावली, तेव्हापासून वातानुकूलन हे रेल्वे कामगाराच्या पोटापाण्याचे काम आहे. आपल्या ट्रेन लायटिंग आणि एसी विभागातले फिटर, हेल्पर हे कोणत्या उद्योगपतीचे वारस नव्हेत. आणि चैन म्हणाल तर, जून २०१९ मध्ये आग्र्याहून निघालेल्या केरळ एक्स्प्रेसमधले चार वृद्ध प्रवासी झाशीच्या आसपास उष्म्याने गेले. मे २०२४ मध्ये सफदरजंगचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्याच उन्हाळ्यात दिल्लीच्या उपराज्यपालांना बांधकाम मजुरांना दुपारी बारा ते तीन पगारी सुटी द्या असा आदेश काढावा लागला, आणि १९ जूनला शहराची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटवर पोहोचली. इंजिनाच्या केबिनमध्ये आणि रनिंग रूममध्ये एसी हवा म्हणून आपल्या लोको पायलट बांधवांनी किती वर्षे अर्ज केले, हे या मासिकाच्या जुन्या अंकांत कोणीही वाचावे. २०२४ साली रेल्वेने सांगितले की ७,००० हून अधिक इंजिनांच्या केबिनमध्ये एसी बसवले आहेत. मागणी करताना ती चैन नव्हती, मग बसवणाऱ्याची चर्चा करताना ती चैन कशी होते?

दुसरे असे की राजधानी क्षेत्रात एसी आता नुसता थंड हवेचा राहिलेला नाही. इथली थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. पहाटे तीन-चार अंश, धुके, आणि सिमेंटच्या भिंती दगडासारख्या गार. गरीब वस्तीत लोक बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपतात आणि दर हिवाळ्यात त्यातून माणसे मरतात. जानेवारी २०२४ मध्ये अलीपूर भागात आईबाप आणि दोन मुले अशी एकाच घरातली चार माणसे अशीच गेली. थोडे बरे उत्पन्न असलेले कॉइलचा हीटर लावतात. त्याहून वरचे लोक आता गरम-थंड दोन्ही देणारे यंत्र घेतात. दुकानदार त्याला ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणतो. त्याचे खरे नाव हीट पंप.

नाव मोठे असले तरी गोष्ट सोपी आहे. पाणी जसे उताराने वाहते तशी उष्णता गरमाकडून गाराकडे जाते. पाणी वर चढवायला पंप लागतो, तसाच उष्णतेला उलटे न्यायलाही लागतो. उन्हाळ्यात हे यंत्र खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकते. हिवाळ्यात त्याच नळ्या, तोच कॉम्प्रेसर, फक्त मधला एक उलट-सुलट करणारा व्हॉल्व्ह फिरतो आणि बाहेरच्या गार हवेत उरलीसुरली जी उष्णता आहे ती आत ओढली जाते. कॉइलचा हीटर एक युनिट वीज खाऊन एका युनिटचीच ऊब देतो. हीट पंप दिल्लीच्या थंडीत साधारण तीन युनिटची ऊब देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, वाहून आणतो. हमालीचेच काम ते. आम्हाला हे यंत्र आवडते हे आम्ही लपवत नाही. अंगीठीच्या जागी ते गोरगरिबांच्या खोलीपर्यंत पोहोचले तर आम्हाला आनंदच होईल, पण ती किंमत आज त्यांना झेपणारी नाही.

मोठ्या घरांत हे यंत्र भिंतीवर दिसत नाही. गुडगाव, नोएडाच्या टॉवरमध्ये फॉल्स सीलिंगच्या वर एअर हँडलर नावाची पेटी असते. तिच्यात पंखा, कॉइल आणि कधीकधी जोडीला विजेचा हीटर. तिथून पत्र्याच्या नळांतून हवा खोल्या-खोल्यांत जाते. खाली भिंतीवर थर्मोस्टॅटची डबी. डबी आणि पेटी यांच्यामध्ये पाच, सात, आठ बारीक तारा. आमचा विषय या तारांचा आहे.

अमेरिकेतल्या घरांत या तारा २४ व्होल्टच्या असतात. पेटीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर मोठी वीज उतरवून २४ व्होल्ट देतो आणि प्रत्येक तारेला अक्षर असते. आर म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वीज, सी म्हणजे तिची परतीची तार. वायवर वीज गेली की कॉम्प्रेसर चालू, जीवर गेली की पंखा. डब्ल्यू जोडीच्या हीटरची. आणि ओ किंवा बी ही तो व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या तारेची अक्षरे. थर्मोस्टॅट बिचारा स्वतः काही थंड किंवा गरम करत नाही. तो आरची वीज हव्या त्या तारेला जोडून देतो, म्हणजे सांधेवाल्याचे काम. सांधा चुकला की गाडी भलत्या रुळावर. काही कंपन्यांच्या यंत्रात थंड करताना व्हॉल्व्हवर वीज द्यावी लागते, तिथे ओ. काहींच्या यंत्रात गरम करताना द्यावी लागते, तिथे बी. ही एक गोष्ट डबीच्या सेटिंगमध्ये उलटी राहिली तर मे महिन्याच्या दुपारी एसीतून गरम वारा येतो आणि घरमालक मेकॅनिकच्या नावाने शंख करतो. डब्ल्यूची तार भलत्या ठिकाणी गेली तर हीटर पेटतो आणि त्यावरून हवा नेणारा पंखा बंद राहू शकतो. आर आणि सी एकमेकांना चिकटल्या तर पेटीतला फ्यूज जातो, फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. जुन्या घरांत सीची तार ओढलेलीच नसते. पडद्यावर आकडे दाखवणाऱ्या नव्या डबीला सतत वीज लागते, ती सीशिवाय मिळत नाही, मग घाईतला माणूस पंख्याची तार काढून सीला लावतो आणि पंखा स्वतंत्रपणे चालवायची सोय घालवून बसतो. तारांच्या रंगावर तर कधीच विसंबू नये. आर लाल, जी हिरवी हा शिरस्ता आहे, पण आधीच्या माणसाच्या हातात त्या दिवशी जी तार होती तीच त्याने लावलेली असते.

इथपर्यंत नुकसान पैशाचे आहे. जिवाचे नुकसान पुढे आहे. आपल्याकडच्या पुष्कळशा डक्टच्या आणि चिल्ड वॉटरच्या पेट्यांचे थर्मोस्टॅट २४ व्होल्टचे नसून थेट २३० व्होल्टचे असतात. त्यात फेज, न्यूट्रल, पंख्याच्या तीन वेगांच्या तीन तारा आणि व्हॉल्व्हची एक. डबी दिसायला तशीच, पांढरी, चौकोनी, त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर. गुडगावच्या एका टॉवरमध्ये आमच्या ओळखीचे एक निवृत्त मराठी गृहस्थ राहतात. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून येताना एक सुंदर गोल थर्मोस्टॅट आणला. सोसायटीने ज्या कंत्राटदाराला काम दिले होते त्याच्याकडून एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आला. त्याने जुनी डबी उघडली, आतल्या तारा पाहिल्या, टेस्टर लावला आणि म्हणाला, “अंकलजी, इसमें सीधा मेन का करंट है, ये वाला नहीं लगेगा।” गृहस्थांनी मुलाला व्हिडिओवर बोलावले. मुलाने तिकडून सांगितले की अमेरिकेत आपण स्वतःच पंधरा मिनिटांत लावतो, हा टाळाटाळ करतोय. त्या पोराला सुपरवायझरचा फोन आला, तक्रार आली तर आजचे पैसे कापीन. तरीही त्याने तार लावली नाही.

आम्ही त्या मुलाला शाबासकी दिली, आणि आमच्या त्या गृहस्थांना स्पष्टपणे सांगितले की काका, तुमचा मुलगा त्याच्या देशातल्या पेटीबद्दल बरोबर बोलतो आहे आणि तुमच्या पेटीबद्दल चूक. २४ व्होल्टच्या डबीत २३० व्होल्ट गेले तर ती डबी जळते, भिंतीत आग लागू शकते, आणि मेन बंद न करता हे चालले असेल तर जळणारी दुसरी वस्तू म्हणजे मेकॅनिकचा हात. अमेरिकेतली बारीक नियंत्रण तार २३० व्होल्टसाठी केलेलीच नसते. ती डबी इथे लावायचीच असेल तर वेगळा ट्रान्सफॉर्मर, मधे रिले, दोन्ही प्रकारच्या तारा वेगवेगळ्या नळीतून, आणि हे सगळे कागदावर काढून मग जोडायचे. ते अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्याची मजुरी अर्ध्या दिवसाची असली पाहिजे. भिंतीवरच्या साध्या स्प्लिट एसीला तर ही डबी लागतच नाही. त्याची आतली आणि बाहेरची यंत्रे आपापसात वेगळ्याच संकेतांनी बोलतात.

रेल्वेत आपण हे कसे करतो ते पाहा. २५,००० व्होल्टच्या ओव्हरहेड वायरवर चढायचे तर आधी पॉवर ब्लॉक घ्यावा लागतो. ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलरशी प्रायव्हेट नंबरांची देवाणघेवाण होते, लेखी परमिट हातात येते, वीज बंद असल्याची खात्री करून कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीशी जोडली जाते, आणि मगच माणूस शिडीवर पाय ठेवतो. शेवटचा माणूस खाली उतरून परमिट परत होईपर्यंत वीज चालू करण्याचा अधिकार डीआरएमलाही नाही. ही शिस्त कोणा साहेबाच्या डोक्यातून निघालेली नाही. तिच्या प्रत्येक ओळीमागे कोणीतरी मेलेले आहे.

एसी डब्यांतही तसेच. जुन्या डब्यांत पाऱ्याचे थर्मोस्टॅट असत: काचेच्या नळीत पारा चढला की आतल्या टोकाला टेकतो आणि रिले ओढला जातो. थंडीसाठी वेगळे, हीटरसाठी वेगळे. आता नव्या डब्यांत छपरावर दोन-दोन एसी युनिटे असतात, त्यांना ४१५ व्होल्टची थ्री फेज वीज लागते आणि कारभार मायक्रोप्रोसेसर पाहतो. पण पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा आणि प्रत्येक तारेवर नंबराचा फेरूल, ही जुनी पद्धत आजही सगळ्यांत कामाची आहे. रात्री दोन वाजता पिट लाइनवर टॉर्चच्या उजेडात बिघाड शोधणाऱ्या फिटरला विचारा, तो फेरूलला देव मानतो. घराघरांतल्या पेटीत मात्र एकाही तारेवर नंबर नसतो. नकाशा असलाच तर तो खोक्याबरोबर कबाडीवाल्याकडे गेलेला असतो.

आता आपल्याच घरातले बोलू. रेल्वेतही डब्यांच्या एसीची देखभाल अनेक ठिकाणी कंत्राटावर गेली आहे. जुना फिटर निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही, तिथे कंत्राटदाराचा मुलगा येतो. तो मुलगा हुशार असतो, कष्टाळू असतो, पण त्याला नकाशा वाचायला शिकवायला कोणी उरलेले नसते आणि कंत्राट बदलले की तोही जातो. ज्ञान म्हणजे काय भांडारातला माल आहे, की लागेल तेव्हा इंडेंट टाकून मागवता येईल? आम्ही प्रशासनाला हे लेखी विचारले आहे.

बाहेरच्या मेकॅनिकची अवस्था त्याहून बिकट. एप्रिल ते जुलै त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, डिसेंबरात काम नसते. चाळिसाव्या वर्षी त्याच्या गुडघ्यांची वाट लागलेली असते. बाहेरचे युनिट छज्ज्यावर, आठव्या-दहाव्या मजल्यावर, आणि त्याच्या कमरेला पट्टा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये करोलबागच्या डोरीवालान भागात वरच्या मजल्यावरून बाहेरचे युनिट कोसळून खाली स्कूटरवर बसलेला तरुण मुलगा ठार झाला. ती चित्रफीत सगळ्या देशाने पाहिली. ते पाहून रस्त्यावरचा माणूस वर बघायला शिकला, हे ठीक. पण ते युनिट जिथे टांगलेले असते तिथे उभे राहून दुरुस्ती करणारा माणूस रोज त्याच ब्रॅकेटच्या भरवशावर असतो. गुडगावात काय नि गाझियाबादेत काय, बिल्डर इमारत बांधताना युनिटसाठी जागा ठेवतो पण तिथे माणूस उभा कसा राहील याचा विचार करत नाही.

गॅसचेही तसेच. जुना आर-२२ ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार हळूहळू बंद होत आहे, आणि आपल्याकडे त्याची मुदत २०३० ची आहे. त्याच्या जागी घरांत आर-३२ आला. तो ओझोनला निरुपद्रवी, पण सौम्य ज्वालाग्राही आहे. आर-२२ च्या काळात शिकलेला मिस्त्री बिडी ओठांत धरून ब्रेझिंग करत असे आणि त्याचे काही बिघडत नसे. तीच सवय आर-३२ वर चालत नाही. नळीतला गॅस रीतसर काढून, नायट्रोजन फिरवून, खिडकी उघडी ठेवून काम करावे लागते. हे त्याला सांगितले कोणी? केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन काढला. त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचे असे लिहिले होते. मुदत केव्हाच उलटली. आपण ज्या ज्या मेकॅनिकला भेटाल त्याला विचारा, प्रमाणपत्र आहे का. बहुतेक जण हसतात. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तो करून आलेला मुलगा आणि सहा महिने उस्तादाच्या मागे बॅग वाहून शिकलेला मुलगा यांना बाजारात एकच भाव मिळतो. मग दोन वर्षे घालवायची कशाला, असे पोरांनी म्हटले तर चूक कोणाची?

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात वीस किंवा अधिक कामगार असलेला कंत्राटदार येत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि त्यातल्या सुरक्षा व आरोग्य संहितेने ही मर्यादा पन्नासवर नेली. एसीच्या धंद्यात पन्नास माणसे हजेरीपटावर ठेवणारा कंत्राटदार शोधायला कंदील घेऊन फिरावे लागेल. मुख्य कामात कंत्राटी कामगार नको असे संहिता म्हणते खरे, पण अधूनमधून चालणारे काम तिने मुख्य कामातून वगळले आहे, आणि एसीचे काम अधूनमधूनचे ठरवायला मालकाच्या वकिलाला पाच मिनिटे पुरतील. ॲपवरून बोलावले जाणारे मेकॅनिक तर कामगारही नाहीत, ते ‘भागीदार’ आहेत. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत भरावी अशी तरतूद आहे. तरतूद कागदावरून छज्ज्यापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतील हे आपल्या ताकदीवर अवलंबून आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुडगावात घरपोच ब्यूटी सेवा देणाऱ्या स्त्रियांनी आपल्या कंपनीच्या दारात धरणे धरले होते. त्या कोणत्याही मोठ्या फेडरेशनच्या सभासद नव्हत्या. आपल्या मोठमोठ्या कार्यालयांत बसलेल्यांनी याची थोडी लाज बाळगावी असे आम्हाला वाटते.

रेल्वेच्या जुन्या सभासदांना हा रस्ता ओळखीचा वाटेल. आपल्या प्रकल्पांवरचे कॅज्युअल कामगार वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबले आणि १९८५ साली इंदरपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याची योजना मान्य केली तेव्हा कुठे त्यांच्या घरी पगाराची स्लिप आली. पुढे २००१ साली स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मालकाचा होत नाही. तेव्हापासून न्यायालयाच्या पायरीवर आशा ठेवून बसण्यात अर्थ राहिलेला नाही. संघटना बांधणे हाच मार्ग उरतो, आणि ती बांधायची तर माणूस जिथे उभा आहे तिथे जावे लागते: करोलबागच्या गल्लीत, लाजपतनगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांसमोर, नोएडाच्या सोसायट्यांच्या मागच्या गेटवर, जिथे सकाळी नऊला सिलिंडर आणि दोरी घेऊन ही मुले बसलेली असतात. करोलबागेतच आमचे विटा-खानापूरकडचे गलाई बांधव भट्टीसमोर बसून सोने गाळतात. उष्णतेत काम करणे म्हणजे काय हे त्यांना आम्ही सांगायची गरज नाही. मराठी माणसाने मनावर घेतले तर ही दोन टोके एका बैठकीत येऊ शकतात. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात गणपतीला जमणाऱ्या मंडळींत कितीतरी जण सोसायट्यांच्या कमिट्यांवर आहेत. मेकॅनिकला गेटवर तासभर उभे करायचे की नाही, त्याला लिफ्ट वापरू द्यायची की नाही, हे तीच मंडळी ठरवतात.

सोसायट्यांकडून आम्हाला फार काही नको. एअर हँडलरच्या झाकणाच्या आत वायरिंगचा नकाशा चिकटवा आणि थर्मोस्टॅट २४ व्होल्टचा की २३० चा हे डबीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहा. काम चालू असताना एमसीबी उतरवून त्यावर कुलूप लावा आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात द्या, घरातल्या मुलाने गरम होते म्हणून मधेच वर करू नये. बाहेरच्या युनिटमधला कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरही भरलेला राहतो, त्याची वीज उतरवायला दोन मिनिटे थांबणारा मेकॅनिक आळशी नव्हे. पावसाळ्यात फॉल्स सीलिंगमधून पाणी गळू नये म्हणून ट्रेमध्ये जो फ्लोट स्विच असतो त्याची तार काढून टाका असा हट्ट धरू नका. ट्रे भरला की यंत्र बंद पडते म्हणून तुम्हाला राग येतो, पण ते त्याचे कामच आहे. विजेच्या नियमांप्रमाणे असे काम परवाना असलेल्या कंत्राटदाराकडून, परमिट असलेल्या वायरमनच्या हातून व्हायला हवे. कोटेशन सर्वांत कमी कोणाचे हे पाहणाऱ्या कमिटीने ते परमिटही एकदा पाहावे.

आपल्यातले काही मित्र म्हणतात की एसीच बंद करा, त्याने हवामान बिघडते, गरम हवा गरिबाच्या खिडकीत जाते. यात तथ्य आहे. बाहेरची युनिटे एकमेकांकडे तोंड करून लावलेल्या गल्लीतून जूनच्या दुपारी चालून पाहावे. पण ज्या मजुराच्या झोपडीत गरम हवा जाते त्याला उद्या एसी परवडला तर तोही घेईल आणि त्याला ते नाकारण्याचा अधिकार आम्हाला नाही. झाडे, पांढरी छपरे, उंच छताची घरे हे सगळे हवे. ते होईपर्यंत यंत्रे लागतच राहणार आणि कोणीतरी छज्ज्यावर उतरतच राहणार.

आमच्या शाखेने फेडरेशनच्या कार्यकारिणीकडे ठराव पाठवला आहे. त्यात राजधानी क्षेत्रातल्या वातानुकूलन मेकॅनिकांना थेट सभासद करून घ्यावे, वर्गणी हंगामात घ्यावी आणि डिसेंबर ते फेब्रुवारी माफ असावी, असे म्हटले आहे. दर रविवारी आमच्या कार्यालयात दोन निवृत्त एसी फिटर वायरिंगचा नकाशा वाचायला शिकवतील. दोघांनीही मानधन नाकारले आहे. वर्गासाठी भंगारात निघालेले एक जुने पॅनेल मिळावे असा अर्ज डेपोकडे दिला आहे. ज्या सभासदांच्या घरी जुने थर्मोस्टॅट, रिले किंवा ट्रान्सफॉर्मर पडले असतील त्यांनी ते आणून द्यावेत. जळालेले असले तरी चालतील, ते का जळाले हे शिकवायला उपयोगी पडतील.